सुधाकराला न सांपडलेली सभा

कै. राम गणेश गडकरी यांच्या ‘एकच प्याला’ या नाटकावर मराठींत इतकें लिहिलें गेलें आहे कीं, त्यांत आणखी भर घालूं पाहणारानें आपल्या धाडसाचें कारण प्रथम सांगितलें पाहिजे. १९१९ च्या फेब्रुवारींत गंधर्व नाटक मंडळीनें बडोद्यास या नाटकाचा पहिला प्रयोग केला, तेव्हां त्याचा कर्ता हयात नव्हता; त्याच वर्षीं २३ जानेवारीस सावनेर येथें त्याचें देहावसान झालें होतें. पदें वि. सी. गुर्जर यांनीं रचलीं होतीं, सिंधूची भूमिका बालगंधर्वांनीं केली व सुधाकराची गणपतराव बोडस यांनीं. त्या प्रयोगास शंभरांहून अधिक वर्षें लोटलीं. एवढ्या काळांत सुधाकर हा खरा शोकान्त नायक आहे किंवा नाहीं, सिंधूचा आदर्श आज कितपत ग्राह्य आहे, गडकऱ्यांची भाषा अलंकारांच्या भारानें वाकली आहे कीं काय, या प्रश्नांचा टीकाकारांनीं पुष्कळ खल केला. आम्हांला यांपैकीं एकाहि वादांत शिरावयाचें नाहीं. आमचा प्रश्न साधा आहे. सुधाकराला दारू सोडावयाची होती. ती सोडण्यासाठीं त्यानें कोणाकडे जावयास हवें होतें?

नाटकांतल्या पात्राला पत्ता सांगत बसणें हें टीकाकाराचें काम नव्हे, असा आक्षेप यावर कोणी घेईल. परंतु ‘एकच प्याला’ हें केवळ नाटक उरलेलें नाहीं. त्याचें नांव म्हणीप्रमाणें लोकांच्या तोंडीं बसलें आहे, आणि त्या नांवाबरोबर एक सिद्धान्तहि लोकांच्या मनांत रुजला आहे : पहिला पेला ओठाला लागला कीं माणूस संपला; मग पत्नीची निष्ठा, मित्राचें प्रेम, स्वतःची बुद्धि यांपैकीं कांहींहि त्याला तारूं शकत नाहीं. ज्या घरांत बाटली शिरलेली नाहीं, त्या घराला हा सिद्धान्त इशारा म्हणून उपकारक आहे. ज्या घरांत ती शिरली आहे, त्या घराला मात्र तो देहान्ताच्या शिक्षेसारखा ऐकूं येतो. आमच्या वर्गांत हें नाटक वाचलें जात असतांना साठ विद्यार्थ्यांपैकीं दोन-चार तरी असे असतात कीं, ते तळीरामाच्या विनोदाला हंसत नाहींत. खालीं मान घालून वहीकडे पाहत बसतात. अशा मुलांपुढें शोकान्तिकेचा नियम हाच निसर्गाचा नियम म्हणून मांडला जात असेल, तर त्याची छाननी करणें हें वाङ्मयाच्या अध्यापकाचें कर्तव्य आहे.

गडकऱ्यांपूर्वीं मद्याचा विषय आपल्या रंगभूमीवर आला नव्हता असें नाहीं. खाडिलकरांच्या ‘विद्याहरण’ नाटकांत, १९१३ सालीं, तो आला. परंतु तेथें तो पुराणाच्या उंचीवर आहे. शुक्राचार्य मद्याच्या अमलाखालीं आपल्या शिष्याचा घास घेतात, आणि शुद्धीवर आल्यावर मद्यालाच शाप देतात. शाप देण्याचें सामर्थ्य असलेल्या ऋषीला एवढ्यानें सुटतां येतें. पुढारी बंदी घालण्याचा उपदेश करतात, सरकार कायदा करतें, हींहि त्या शापाचींच अर्वाचीन रूपें होत. गडकऱ्यांचें मोठेपण हें कीं, त्यांनीं शाप बाजूला ठेवून माणसाकडे पाहिलें. सुधाकर ऋषि नाहीं. तो हुषार, मानी व तापट वकील आहे. कोर्टांतल्या खटक्यानें त्याची सनद कांहीं काळापुरती जाते, अपमानानें त्याचें डोकें भणभणतें, आणि त्या क्षणीं त्याचा कारकून तळीराम त्याच्यापुढें पेला करतो. व्यसनाचा आरंभ चैनींतून होत नाहीं, दुःखावरच्या लेपाच्या रूपानें तें घरांत येतें, हें निरीक्षण त्या काळीं नवें होतें आणि आजहि तें तंतोतंत खरें आहे.

हा तळीराम आपण आणखी थोडा वेळ न्याहाळला पाहिजे. टीकाकारांनीं त्याला खलपुरुष म्हटलें, विनोदी पात्र म्हटलें. परंतु तो बोलतो कसा, याकडे फारसें लक्ष गेलेलें नाहीं. तळीराम उपदेश करीत नाहीं. तो धन्याच्या दुःखाजवळ जाऊन बसतो, आणि आपण स्वतः घेतलेल्या अनुभवाच्या जोरावर एक साधा उपाय पुढें करतो. त्याच्या शब्दाला वजन येतें तें त्याच्या चारित्र्यामुळें नव्हे. चारित्र्य तर त्याला नाहींच. तें वजन येतें तें त्यानें ती वाट स्वतः चाललेली आहे म्हणून. आतां याच्या समोर रामलालला उभा करा. रामलाल सज्जन आहे, विद्वान आहे, सुधाकरावर त्याचें वडील भावासारखें प्रेम आहे. त्याचीं भाषणें मराठी गद्याचे नमुने म्हणून पाठ केलीं गेलीं. परंतु त्यानें तो पेला कधीं चाखलेला नाहीं. तो काठावरून हांका मारतो. सुधाकर त्याला दारूच्या निरनिराळ्या अवस्था समजावून देतो, सोडणें शक्य असतें तेव्हां सोडावेंसें वाटत नाहीं आणि सोडावेंसें वाटूं लागतें तेव्हां शक्ति उरलेली नसते हें सांगतो, तेव्हां त्या प्रसंगांत शिकविणारा सुधाकर आहे व शिकणारा रामलाल. ज्याला या रोगाचें ज्ञान आहे त्याच्याजवळ औषध नाहीं, आणि ज्याच्याजवळ औषध म्हणून शब्द आहेत त्याला रोगाचें ज्ञान नाहीं.

म्हणून या नाटकांत बोलण्याचे दोनच प्रकार ऐकूं येतात. एक उपदेश, तो न पिणाराचा. दुसरा विलाप, तो पिणाराचा. सुधाकराचे उद्गार कितीहि हृदयद्रावक असले तरी ते स्वगतासारखे आहेत. समोर माणूस असतांहि ते एकट्यानेंच बोललेले आहेत. तिसऱ्या प्रकारच्या बोलण्याला, म्हणजे एका पिणारानें दुसऱ्या पिणारापुढें आपली कथा शांतपणें सांगण्याला, नाटकांत जागा नाहीं. तळीराम तें बोलणें जाणतो, पण त्याचा उपयोग तो बाटलीकडे ओढण्यासाठीं करतो. तीच रीत उलट दिशेनें लावली तर काय होईल, हा प्रश्न नाटक विचारीत नाहीं.

तो प्रश्न जगांत पुढें विचारला गेला, आणि त्याचें उत्तर मिळण्याची हकीकत कोणत्याहि नाटकापेक्षां कमी मनोवेधक नाहीं. १९३४ सालीं न्यूयॉर्कमधील बिल विल्सन हा शेअर बाजारांत वावरणारा मनुष्य दारूनें पुरता खचला होता. त्याच्या घरीं त्याचा एक जुना पिण्यांतला सोबती आला. तो पिईनासा झाला होता, आणि तें कसें घडलें हें त्यानें सांगितलें. त्यावर्षींच्या डिसेंबरांत विल्सनची दारू सुटली. त्यानंतर कित्येक महिने तो इतर मद्यप्यांना सुधारण्यासाठीं धांवला. पण त्यांपैकीं एकहि टिकला नाहीं. त्याच्यावर उपचार केलेल्या डॉ. सिल्कवर्थ यांनीं त्याला सल्ला दिला कीं, प्रवचन पुरे कर. या रोगाचें स्वरूप आणि स्वतःची हकीकत तेवढी सांग. म्हणजे रामलालची भूमिका टाक, असाच त्याचा अर्थ.

१९३५ च्या मे महिन्यांत विल्सन धंद्याच्या कामासाठीं ओहायो प्रांतांतील अॅक्रन गांवीं गेला. काम फसलें. परक्या गांवांत, मेफ्लॉवर हॉटेलच्या दिवाणखान्यांत तो एकटा येरझारा घालीत होता. एका बाजूस मद्यालय होतें, तेथून हंसण्याखिदळण्याचा आवाज येत होता. दुसऱ्या बाजूस टेलिफोन होता, व त्याच्याजवळ गांवांतील चर्चांची यादी. सुधाकराच्या मनांत जो पेला उभा राहतो तोच त्याच्याहि मनांत उभा राहिला. परंतु त्याला एक गोष्ट उमगली होती. गेल्या महिन्यांत त्यानें दुसऱ्या कोणालाहि वांचविलें नव्हतें, तरी त्या खटपटींत तो स्वतः वांचला होता. तेव्हां आज आपल्याला उपदेशकाची गरज नाहीं. आपल्याला दुसरा एक दारुडा पाहिजे. त्यानें एका धर्मोपदेशकाला टेलिफोन केला, तेथून माणसांमागून माणसें विचारीत गेला, आणि शेवटीं हेन्रिएटा सायबर्लिंग या बाईंनीं त्याची गांवांतील एका शस्त्रवैद्याशीं गांठ घालून दिली. हे डॉ. बॉब स्मिथ. त्यांची दारू घरच्यांच्या विनवण्यांनीं सुटली नव्हती, धार्मिक मंडळींच्या बैठकांत जाऊनहि सुटली नव्हती. पंधरा मिनिटांपेक्षां अधिक थांबणार नाहीं या अटीवर ते आले, आणि रात्रीं अकरा वाजून गेले तरी उठले नाहींत. त्यांना समोरच्या माणसांत जें वेगळें वाटलें तें एवढेंच, कीं हा मनुष्य स्वतःच्या अनुभवावरून बोलत होता. मध्यें ते एकदां घसरले. १० जून १९३५ या दिवशीं त्यांनीं शेवटचें मद्य घेतलें. ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’, म्हणजे अनामिक मद्यासक्तांची संघटना, आपला जन्मदिवस तोच मानते.

दोघे तिसऱ्याच्या शोधांत निघाले. तो त्यांना अॅक्रनच्या रुग्णालयांत सांपडला. दारूच्या भरांत त्यानें तेथील परिचारिकांवर हात टाकला होता, म्हणून त्याला बांधून ठेवलें होतें. हा तिसरा मनुष्य व्यवसायानें वकील होता. ‘एकच प्याला’च्या वाचकाला हें वाचतांना थबकावें लागतें. बुद्धि, प्रतिष्ठा, व्यवसाय, आणि उगारलेला हात, सारें सुधाकराचेंच. फरक एवढाच कीं, याच्या खाटेशेजारीं दोन मद्यपी येऊन बसले, त्यांनीं त्याला दोष दिला नाहीं, आपआपली कथा सांगितली आणि त्याची ऐकली. तो वकील मरेपर्यंत पुन्हा प्यायला नाहीं. ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आल्याला तेव्हां सोळा वर्षें झालीं होतीं. गडकऱ्यांना हें ठाऊक असणें शक्यच नव्हतें, आणि तें नसल्याबद्दल त्यांना दोष देणें हास्यास्पद होईल. परंतु आपल्याला तें ठाऊक आहे. आणि ज्याला तें ठाऊक आहे त्यानें सुधाकराच्या अंताला अटळ म्हणतांना शब्द जपून वापरला पाहिजे.

या चळवळीनें १९३९ सालीं एक पुस्तक काढलें, आणि संघटनेला नांव मिळालें तें त्या पुस्तकावरून. त्याच्या पूर्वार्धांत मार्ग सांगितला आहे व उत्तरार्धांत माणसांच्या कथा आहेत. वाङ्मयाच्या दृष्टीनें हा उत्तरार्ध महत्त्वाचा, कारण सभेंत जें बोललें जातें त्याचा सांचा त्यांत आहे : आपण कसे होतों, काय घडलें, आणि आज कसे आहों. अशा एका खुल्या सभेस, एका शाळेच्या खोलींत, श्रोते म्हणून बसण्याची संधि आम्हांला मिळाली आहे. बंद सभा केवळ मद्यासक्तांची असते. खुल्या सभेस कोणीहि यावें. तेथें ऐकलेलें तेथेंच ठेवावें असा शिरस्ता असल्यामुळें कोणाचीहि कथा आम्ही येथें सांगत नाहीं. त्या बोलण्याच्या रूपाविषयीं तेवढें लिहितों.

पहिली गोष्ट ही कीं, एकाचें बोलणें संपलें म्हणजे दुसरा त्याला उत्तर देत नाहीं. तो त्याला शाबासकी देत नाहीं कीं सल्लाहि देत नाहीं. तो आपलें सांगूं लागतो. संवादाची जी रीत नाटककारांना प्राणभूत वाटते तिचा येथें पूर्ण अभाव आहे, आणि तरीहि खोलींतला प्रत्येक शब्द ऐकला जातो. दुसरी गोष्ट व्याकरणाची. पंधरा-पंधरा वर्षें न प्यालेला मनुष्यहि आपली ओळख ‘मी मद्यासक्त होतों’ अशी करून देत नाहीं. ‘आहें’ अशी करून देतो. आणि न पिण्याचा निश्चय तो आजच्या दिवसापुरता करतो. सुधाकर शपथ घेतो ती जन्माची. जन्माची शपथ भविष्यकाळांत असते आणि पश्चात्ताप भूतकाळांत. दोहोंच्या मध्यें जो आजचा दिवस, त्याच्यासाठीं सुधाकराजवळ कांहींच शिल्लक नसतें. उद्योग शोधीत तो दारोदार हिंडतो, जुनी बदनामी आड येते, पदरीं अपमान पडतो, आणि पहिल्या अपमानावर ज्यानें लेप लावला होता तोच पेला पुन्हा हातीं येतो. त्या संध्याकाळीं त्याला एखादी खोली ठाऊक असती, तर त्यानें तेथें जाऊन आज काय घडलें एवढेंच सांगितलें असतें. आमच्या मतें चौथ्या अंकांतील त्या संध्याकाळीं सुधाकराला उणीव भासली ती मनोबलाची नव्हे, जाण्याच्या ठिकाणाची.

तिसरी गोष्ट आपल्या समाजापुरती विशेष आहे. सभेंत माणूस आपलें पहिलें नांव तेवढें सांगतो. पश्चिमेकडे ही अनामिकता अब्रूच्या रक्षणासाठीं आहे. महाराष्ट्रांत तिच्यानें आणखी एक काम साधतें. आपल्याकडे आडनांव कळलें कीं जात कळते, गांव कळतें, पुष्कळदां घराणेंहि कळतें. आणि ऐकणारा मनांतल्या मनांत बोलणाराला एका पायरीवर बसवून टाकतो. आडनांव गेलें म्हणजे ती पायरी जाते. गंमत अशी कीं, हें समत्व गडकऱ्यांनीं पाहिलेलें आहे. त्यांच्या आर्यमदिरामंडळांत शास्त्री आहे, खुदाबक्ष आहे, मगनभाई आहे, यल्लप्पा आहे. जातिधर्माच्या भिंती पाडणारी सबंध नाटकांतील एकमेव संस्था ही दारुड्यांची आहे! गडकऱ्यांनीं ती थट्टेसाठीं उभी केली. मंडळें, अध्यक्ष, उद्देश व नियम यांच्या त्या काळच्या हौसेवर त्यांना कोरडे ओढावयाचे होते. परंतु थट्टेंतहि त्यांनीं सत्य टिपलें. पिणाराला मंडळ लागतें. पिण्यासाठीं लागतें तसेंच सोडण्यासाठींहि लागतें. नाटकांत पहिलें आहे, दुसरें नाहीं.

मंडळें कशानें बिघडतात हें मात्र गडकऱ्यांप्रमाणें या अनामिकांनाहि ठाऊक होतें. अमेरिकेंत १८४० सालीं बाल्टिमोर येथें सहा मद्यप्यांनीं अशीच एक संस्था काढली होती. ती झपाट्यानें वाढली, नाना चळवळींच्या वादांत सांपडली आणि विरून गेली. तेव्हां १९४६ सालीं प्रथम छापलेल्या व १९५० सालीं स्वीकारलेल्या आपल्या परंपरांत या संघटनेनें ठरवून टाकलें कीं, बाहेरच्यांची देणगी घ्यावयाची नाहीं, बाहेरच्या वादांवर मत द्यावयाचें नाहीं, आणि सभासदत्वाला दारू सोडण्याच्या इच्छेपलीकडे कोणतीहि अट घालावयाची नाहीं. तळीरामाच्या मंडळाचा अध्यक्ष तेथें एक दिवसहि टिकला नसता.

नाटकांत सुटकेचीं बीजें मुळींच नाहींत असें म्हणणें अन्यायाचें होईल. भगीरथ हें पात्र टीकाकारांनीं बहुधा उपकथानकाचें म्हणून सोडून दिलें आहे. प्रेमभंगानें तो दारूकडे वळतो, रामलालच्या सांगण्यानें दारू सोडतो आणि लोकसेवेला लागतो. म्हणजे पेल्याला स्पर्श केलेला माणूस सुटूं शकतो, हें नाटक स्वतःच सांगतें. लोकांनीं तेवढें विसरून सिद्धान्त बनविला. आम्हांला खंत वाटते ती निराळीच. सुटलेला भगीरथ न सुटलेल्या सुधाकराजवळ जाऊन बसत नाहीं. ज्या एका पात्राच्या बोलण्याला सुधाकरापाशीं तळीरामाइतकें वजन आलें असतें, तें पात्र शरदेच्या कथानकांत गुंतून जातें. रामलालच्या मनांतहि शरदेविषयीं मोह उठतो. अनावर ओढ म्हणजे काय, याचा चटका त्या सज्जनालाहि बसतो. पण तो चटका सुधाकराशीं त्याच्या बोलण्यांत उतरत नाहीं. एका घरांत तीन माणसें आपआपल्या परीनें मोहाशीं झगडत आहेत, आणि तिघेहि एकेकटे.

स्त्रियांकडे वळलें तर हेंच चित्र अधिक गडद दिसतें. सिंधू सुधाकराची पत्नी, गीता तळीरामाची. दोघींच्या घरांत एकच आग. सिंधू सोसते, झांकते, अखेरच्या क्षणीं पतीला वांचविण्यासाठीं असत्यहि बोलते; गीता फटकळ आहे, उलटून बोलते, नवऱ्याचें सोंग उघडें पाडते. नाटककारानें एकीला पूजेला बसविलें व दुसरीला विनोदासाठीं वापरलें. या दोघी एकमेकींना भेटतात, पण मद्यप्याची बायको म्हणून दोघींचा अनुभव एक आहे या पायावर त्यांचें बोलणें कधीं उभें राहत नाहीं. १९५१ सालीं बिल विल्सनची पत्नी लोइस व तिची एक मैत्रीण यांनीं मद्यासक्तांच्या कुटुंबीयांसाठीं ‘अल-ॲनॉन’ ही निराळी संघटना उभी केली. नवऱ्याची दारू आपल्यामुळें लागली नाहीं, आणि आपल्या सोसण्यानें ती सुटणारहि नाहीं, हें तेथें बायकांना एकमेकींकडून कळूं लागलें. सिंधूला हें कोणी सांगितलें असतें, तर जात्यावर दळण दळतांना तिच्या मनावरचा भार तरी थोडा हलका झाला असता.

आमच्या या वाचनावर तीन आक्षेप येतील. पहिला असा कीं, सुधाकर सुटला असता तर शोकान्तिका कोठें राहिली असती? याला आमचें उत्तर असें कीं, आम्ही नाटकाचा शेवट बदलावयास सांगत नाहीं. सुधाकराचा शेवटचा पेला विषाचा आहे, आणि तो तसाच असूं द्यावा. आमचें म्हणणें त्या शेवटाच्या अर्थाविषयीं आहे. दारूपुढें माणूस दुर्बळ आहे, हा त्याचा अर्थ सांगितला जातो. दारूपुढें एकटा माणूस दुर्बळ आहे, हा अर्थ नाटकाला अधिक धरून आहे. शोकान्तिका त्यानें तसूभरहि कमी होत नाहीं, उलट वाढते. कारण तारणारीं माणसें रंगभूमीवरच होतीं, हें प्रेक्षकाला दिसूं लागतें.

दुसरा आक्षेप धर्माचा. या संघटनेचा मार्ग ख्रिस्ती मंडळींच्या सहवासांतून निघाला, त्याच्या बारा पायऱ्यांत ईश्वराचें नांव वारंवार येतें. मग तो आपल्या मातींत कसा रुजावा? पायऱ्यांत ईश्वराची कल्पना ज्याची त्यानें करावी अशी मोकळीक ठेवलेली आहे. तरी तिच्यामुळें कांहीं माणसें बिचकतात हें खरें, आणि त्यांच्यासाठीं अन्य मार्गहि आहेत. परंतु चारचौघांत आपले दोष आपल्या तोंडानें सांगणें आणि सोबतीच्या बळावर चालणें या गोष्टी मराठी मनाला परक्या नाहींत. तुकोबांनीं स्वतःच्या उणिवांची जितक्या निर्भीडपणें झडती घेतली तितकी फार थोड्यांनीं घेतली असेल. आणि वारी एकट्यानें करावयाची नसते, ती दिंडींतून करावयाची असते, हें आपल्याकडे शेतकऱ्यालाहि कळतें. भारतांत या सभा १९५७ पासून भरत आल्या आहेत, आणि आज मराठींतहि भरतात. पुण्यास १९८६ सालीं डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट यांनीं पु. ल. देशपांडे यांच्या साहाय्यानें ‘मुक्तांगण’ हें व्यसनमुक्तिकेंद्र सुरू केलें. अनिल अवचटांचें ‘मुक्तांगणची गोष्ट’ हें पुस्तक ‘एकच प्याला’च्या शेजारीं ठेवून वाचावें अशी आमची विद्यार्थ्यांना शिफारस असते. एका पुस्तकांत मराठी गद्याचा सारा साज आहे, दुसऱ्यांत साज मुळींच नाहीं. पण पहिल्यानें जो प्रश्न अर्धा सोडला तो दुसरें पुढें नेतें.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा : अशा बोलण्यानें खरोखर कोणाची दारू सुटते काय? सभेला येणारे सारेच टिकत नाहींत. पुष्कळ येतात व जातात. परंतु कोक्रेन या संस्थेनें २०२० सालीं २७ अभ्यासांचें व त्यांतील १०,५६५ व्यक्तींचें समालोचन प्रसिद्ध केलें. माणसाला या सभांकडे पद्धतशीर वळविणारे उपचार अखंड मद्यत्यागाच्या बाबतींत इतर मान्य उपचारांपेक्षां सरस ठरतात, असा त्याचा निष्कर्ष आहे. एक सावधगिरी मात्र सांगितली पाहिजे. जो वर्षानुवर्षें रोज पुष्कळ पीत आला आहे त्यानें एकाएकीं दारू तोडली, तर झटके येऊं शकतात, वात होऊं शकतो आणि त्यांत प्राणहि जाऊं शकतो. म्हणून अशा माणसानें प्रथम डॉक्टर गांठावा व त्याच्या देखरेखीखालीं दारू तोडावी. सभा त्यानंतरच्या आयुष्यासाठीं आहे. तळीरामाच्या आजारांत डॉक्टर व वैद्य यांची जी झोंबी गडकऱ्यांनीं दाखविली ती विनोद म्हणून बहारीची आहे, पण रोग्याला त्या झोंबीचा कांहीं उपयोग होत नाहीं, हेंहि तिच्यांत आलेंच आहे.

‘एकच प्याला’चे प्रयोग अजून होतात, व पुढेंहि होत राहावे. प्रयोग करणाऱ्या मंडळींना आमची एक सूचना आहे. हस्तपत्रकावर नाटककाराचें नांव, पात्रांचीं नांवें, पदकारांचें नांव छापलें जातें. त्याच्या खालीं दोन ओळींची जागा ठेवावी, आणि गांवांत किंवा जवळच्या शहरांत अशी सभा कोठें भरते, कोणत्या वारीं, किती वाजतां, तेवढें छापावें. कुटुंबीयांची सभा भरत असेल तर तीहि नोंदवावी. पडदा पडल्यावर नाट्यगृहांत डोळे पुसणारे पुष्कळ असतात. त्यांत डोळे न पुसतां उठून जाणारा एखादा असतो, आणि एखादी बाईहि असते. तें पत्रक त्यांनीं तेथें वाचलें नाहीं तरी चालेल. घडी करून खिशांत किंवा पिशवींत घालतां येईल, इतकेंच तें लहान असावें.